नाव, जन्मतारीख, ओळखीची खूण

जुलै २०२४. ताईचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. ताई आणि भाऊजी नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असतात. "जानेवारीच्या शेवटची तारीख दिलीय. तू आता आईचा पासपोर्ट काढायला घे," ती म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी ही बातमी होती, मधे दोनदा वाईट झालं होतं. त्यामुळे 'आईचा पासपोर्ट काढ' या वाक्यात काय काय भरलंय ते मला कळलं. मी म्हणालो, "सहा महिने आहेत. पासपोर्टला काय लागतं? महिन्यात होईल."

माझा स्वतःचा पासपोर्ट इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला काढला होता. कॉलेजमध्ये कंपन्या यायच्या होत्या, सगळे काढत होते, म्हणून मीही काढला. ऑनलाइन अर्ज, १५०० रुपये, एक चक्कर, एक हवालदार, पासपोर्ट घरी. त्या अनुभवावर मी ताईला शब्द दिला होता.

आमच्या घरात त्याआधी एक पासपोर्ट होता, अण्णांचा. अण्णा एसटीत कंडक्टर होते. २०१२ मध्ये त्यांच्या डेपोतल्या चार-पाच जणांचा दुबईला जायचा बेत ठरला, कारण कुणाचा तरी पुतण्या तिथं कामाला होता. बेत बारगळला, पासपोर्ट मात्र निघाला. दहा वर्षं तो कपाटाच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्यांशेजारी पडून राहिला आणि २०२२ मध्ये एकही शिक्का न बसता संपला. तेव्हा आईचाही काढू, असं कुणीतरी म्हटलं होतं. "तिला कुठं जायचंय? तिचा नंतर काढू," असंही कुणीतरी म्हटलं होतं. हे दुसरं वाक्य अण्णांचं होतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता आठवायला गेलो तर तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, तिथंच बसलो होतो, आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

त्या जुन्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई आहे. वडिलांचं नाव, आईचं नाव, मग जोडीदाराचं नाव: सुनंदा. आईचं नाव पासपोर्टवर पहिल्यांदा आलं ते असं, दुसऱ्याच्या पासपोर्टच्या मागच्या पानावर. नंतर ताईच्या आणि माझ्या पासपोर्टवरही तिथंच आलं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी बार्शीला घरी जाऊन लॅपटॉप उघडला. अण्णांचा अर्ज वीस मिनिटांत भरून झाला. आईचा अर्ज उघडला आणि ती समोर येऊन बसली, हात पदराला पुसत, जणू तिची तोंडी परीक्षा आहे.

जन्मस्थळ? "लिही की माझ्या माहेरचं गाव." शिक्षण? "सातवी." नोकरी? यादीत 'होममेकर' होतं, ते निवडलं. शरीरावरची ठळक ओळखीची खूण? तिनं डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर आठ आण्यांएवढा एक पांढुरका डाग. "पुरण घाटताना उडालं होतं. होळीला. तू पोटात होतास." मी अठ्ठावीस वर्षं त्या हातचं जेवलो आणि तो डाग कशाचा हे मला पासपोर्टच्या फॉर्मनं विचारायला लावलं.

जन्मतारीख?

"एक जून," आई म्हणाली.

महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्यांची संख्या किती असेल याची कल्पना यायची असेल तर त्या दिवशी व्हॉट्सॲपचे ग्रुप बघावेत. निम्म्या काका-मामांचे वाढदिवस. पोराचं नाव शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? "मोठा पूर आला त्याच्या पुढच्या साली," असलं उत्तर यायचं. शाळा जूनमध्ये सुरू, पोराला सहा वर्षं पुरी पाहिजेत, मग गुरुजी एक जून लावून टाकायचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदाच १९६९चा. त्याआधी खेड्यात घरी जन्मलेल्या मुलीची नोंद कुठं सापडेल ही आशा करण्यातच अर्थ नाही.

"साल?"

"आधारवर बघ की."

आधारवर नुसतं 'जन्म वर्ष : १९६८' होतं. तारीख नाही, महिना नाही. मतदार कार्ड काढलं. ते जुनं, काळपट फोटोचं, त्यावर १ जानेवारी १९९५ रोजीचं वय २५. म्हणजे १९६९ किंवा १९७०. पॅन कार्ड तिनं कधी काढलंच नव्हतं, कारण तिच्या नावावर कर भरण्यासारखं कधी काही नव्हतं. आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून पूर्ण तारीख असलेला एक तरी कागद हवा होता.

मी आधारच्या सालाला एक जून जोडून अर्ज भरून टाकला. अपॉइंटमेंट सप्टेंबरची मिळाली. हा माझा मूर्खपणा होता, हे लिहून ठेवतो. प्रोग्रामरची एक सवय असते: रिकाम्या रकान्यात काहीतरी डिफॉल्ट टाकून पुढे जायचं. गुरुजींनी केलं तेच मी केलं.

सप्टेंबरमध्ये दोघांना घेऊन गेलो. पासपोर्ट केंद्रात ए, बी, सी असे तीन टप्पे असतात. ए-ला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, कागद स्कॅन करतात. बी-ला ते कागद तपासतात. सी-ला पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरतं. अण्णा तिन्ही खिडक्यांतून पाऊण तासात बाहेर आले, चेहऱ्यावर डेपोत बस वेळेवर लावल्याचा भाव. आई ए-मधून आनंदात आली. फोटोला टिकली चालते का हे तिनं तीनदा विचारून घेतलं होतं. बी-ला तिचा टोकन नंबर लागला आणि ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आली ती हातात फाइल छातीशी धरून.

"तारखेचा कागद आणा म्हणाले. शाळेचा दाखला."

"मग? सातवी झालीय ना तुझी? काढू दाखला."

आई माझ्याकडे बघेना. तिनं अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "अरे, शाळेत तिचं नाव वेगळं आहे."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला आईचं शाळेतलं नाव माहीत नाही, यात नवल वाटण्यासारखं काही आहे का, हे मी नंतर ऑफिसात चार मित्रांना विचारलं. चारपैकी दोघांना आपल्या आईचं लग्नाआधीचं पहिलं नाव सांगता आलं नाही. तिसऱ्यानं तिथूनच घरी फोन लावला.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन तिच्या गावच्या शाळेत गेलो. मामा स्टॅण्डवर आले होते. शाळा नवी, स्लॅबची. जनरल रजिस्टर मात्र जुनंच, कडा उंदरांनी खाल्लेलं. मुख्याध्यापिका बाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि बोट फिरवत खाली आल्या. मामांचं नाव सापडलं, नामदेव. त्याच्या वरच्या पानावर मोठी मावशी, शालन. मग एक ओळ: बेबी. वडिलांचं नाव, आडनाव. जन्मतारीख १ जून १९६७.

"ही मी," आई म्हणाली.

दाखला हातात मिळाल्यावर मी आधी नाव आणि तारीख तपासली. आई दुसरीकडेच बघत होती. तिचं बोट एका रकान्यावर होतं: 'प्रगती : चांगली'. त्याच्या खाली 'शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून'. आठवीला दुसऱ्या गावी चालत जायला लागायचं. "मला कुणी सांगितलंच नव्हतं चांगली म्हणून," ती म्हणाली. तिनं दाखला घडी न करता, सपाट, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

आता आईकडे तीन जन्मसालं आणि दोन नावं झाली. माझं ऑफिसातलं काम नेमकं हेच आहे. आम्ही ग्राहकांच्या याद्या साफ करतो. एकाच माणसाची दोनदा नोंद झाली असेल तर ती ओळखून एक करायची. दोन वेगळ्या माणसांची चुकून एक झाली असेल तर वेगळी करायची. नाव, जन्मतारीख, पत्ता यांची तुलना करून आकडा काढायचा आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलं तरच 'हा तोच' म्हणायचं. त्या रात्री बार्शीला माळ्यावर बसून मी मनातल्या मनात आईच्या दोन नोंदी त्यात घालून बघितल्या. पहिलं नाव जुळत नाही. मधलं नाव जुळत नाही, आधी वडिलांचं, आता नवऱ्याचं. आडनाव जुळत नाही. साल जुळत नाही. माझ्या प्रोग्रामनं या दोन बायकांना क्षणात वेगळं केलं असतं आणि मी तो निकाल बरोबर म्हणून पास केला असता. खिडकीमागच्या माणसानंही माझ्यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. "या दोघी एकच आहेत याचा कागद आणा," एवढंच तो म्हणाला होता.

असा कागद म्हणजे राजपत्र. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची, त्याआधी प्रतिज्ञापत्र करायचं. लग्न १९८९ चं, त्याची नोंदणी केलेली नव्हती, त्यामुळे लग्नाच्या दाखल्याचा रस्ता बंद होता.

मला मात्र वेगळंच सुचलं होतं. आतून संतापही आला होता. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं त्यावर नवं नाव काढायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही रीत मी लग्नांमध्ये बघितली होती. ती रीत माझ्या आईवर झालीय हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याच वर्षी, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय लागू झाला होता. मी आईला म्हणालो, "आई, हे बघ. आपण उलटं करू. तुझं खरं नावच पासपोर्टवर घेऊ. आधार बदलू, सगळं बदलू. थोडा वेळ जाईल, पण तुझं नाव तुला परत मिळेल."

आई भाकरी थापत होती. थांबली नाही.

"बेबी हे काय नाव असतंय का रे?"

मी गप्प.

"शालनताई झाली, मग कमल, मग मी. तिसरी पोरगी. नाव ठेवायचं राहूनच गेलं. बारसं केलंच नाही. सगळी बेबी बेबी म्हणायची. शाळेत घालायला काका गेले, गुरुजींनी नाव विचारलं, काका म्हणाले बेबी. गुरुजींनी लिहिलं. झालं नाव." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "माझ्यानंतर नाम्या झाला तर त्याचं बारसं केवढं केलं. गाव जेवलं."

मग तिनं सांगितलं की लग्न ठरल्यावर आमची आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तिला भेटायला एकटीच आली होती. शिक्षिका होती आत्या. ती म्हणाली, आमच्यात नाव बदलतात, पण तुला विचारल्याशिवाय मी ठेवू देणार नाही. तिनं चिठ्ठीवर दोन नावं लिहून आणली होती. सुनीता आणि सुनंदा. "मी दोन दिवस ठेवली होती चिठ्ठी उशीखाली," आई म्हणाली. "सुनंदा मी काढलंय. मला कुणी काय म्हणायचं, हे मला पहिल्यांदा विचारलं ते आत्यांनी. ते नाव मी सोडणार नाही. तुझ्या पासपोर्टासाठी तर नाहीच."

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. अण्णा दारात उभे होते. त्यांनाही ही चिठ्ठी माहीत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

नाव बदलण्याची ती रीत मला आजही पटत नाही. ताईनं नाव बदललं नाही आणि मी लग्न करीन तेव्हा कुणाचं बदलणार नाही. पण आईच्या बाबतीत मी जे 'खरं नाव' तिला परत द्यायला निघालो होतो, ते नाव म्हणजे तिचं नाव ठेवायचं राहून गेलं याची नोंद होती. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, ती बातमी मी शाळेत असताना वाचली होती आणि बिचाऱ्या मुली म्हणून हळहळलो होतो. बेबी त्यातलंच, थोडं सौम्य.

मग सुनंदाच्याच नावानं सगळं सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये तहसीलजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र: लग्नापूर्वीची बेबी आणि लग्नानंतरची सुनंदा ही एकच व्यक्ती आहे. आईनं सही करायच्या आधी ते दोनदा वाचलं. मग राजपत्राची जाहिरात. ती छापून आल्यावर पीडीएफ मी मोबाईलवर मोठं करून दाखवलं. जुनं नाव, नवीन नाव, खाली-वर अनोळखी माणसांची तसलीच नावं. "एवढ्या लोकांचं असं असतंय?" आईनं विचारलं. तिला बरंच हलकं वाटलं असावं. मग दाखला आणि राजपत्र जोडून आधारवर पूर्ण जन्मतारीख घालून घेतली, त्यात नोव्हेंबर गेला. मधेच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. आई तेच जुनं कार्ड घेऊन मतदान करून आली, बोटाची शाई दाखवत. १९७० साली जन्मलेल्या त्या बाईला कुणी अडवलं नाही.

आणखी एक खिडकीवरची धास्ती मला होती. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा शिक्का येतो, त्याला ईसीआर म्हणतात. पण वय पन्नासच्या वर असलं की तो लागत नाही. तिन्ही सालं धरून बघितली, आई तिन्हींत पन्नासच्या वर होती. एवढी एकच गोष्ट जुळली.

आता अण्णांचा पासपोर्ट ऑक्टोबरपासून तयार होता. भाऊजींनी भीत भीत सुचवलं, अण्णा तरी आधी येतील का? अण्णा म्हणाले, "मी जाऊन काय करू? मला डिंकाचे लाडू खाता येतात, वळता येत नाहीत." ते गेले नाहीत. आईच्या प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सला मात्र सोबत गेले. २०१२ चं काहीतरी ते फेडत असावेत, असं मला वाटलं. आम्ही त्यावर बोललो नाही.

११ डिसेंबरला दुसरी अपॉइंटमेंट. फॉर्ममध्ये 'तुम्ही आणखी कोणत्या नावानं ओळखले जाता का' असा प्रश्न असतो. पहिल्या वेळी मी न विचारता 'नाही' केलं होतं. या वेळी 'होय' केलं आणि बेबी लिहिलं. आई ए, बी, सी अशी ओळीनं पार झाली. बाहेर येऊन म्हणाली, "साहेबांनी विचारलं, सुनंदाबाई, पहिल्यांदाच चाललात का? मी म्हटलं, हो." मग नाक्यावर बसून आम्ही तिघांनी उसाचा रस प्यायला.

आठवड्याभरानं हवालदार आले. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. "तुमच्यावर काही गुन्हा-बिन्हा?" आईला हसू आवरेना. "परदेशात कशाला जाताय?" "बाळंतपणाला." हवालदारांनी मान वर करून बघितलं, म्हणाले, "मग लवकर पाठवतो."

आणि त्यांनी पाठवलंही. ६ जानेवारीला स्पीड पोस्टानं पासपोर्ट आला. आईनं हळद-कुंकू लावायला घेतलं, ते मी कसंबसं थांबवलं. डाग पडला तर परत पहिल्यापासून. जन्मतारीख ०१/०६/१९६७. भारताचा पासपोर्टचा कायदा २४ जून १९६७ चा आहे, म्हणजे गुरुजींच्या हिशेबानं आई त्याच्यापेक्षा तेवीस दिवसांनी मोठी. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग मला इतकं कशाला पळवलं?"

पण वेळ गेली होती. व्हिसासाठी पहिली मिळाली ती २० जानेवारी. ताई २४ तारखेला बाळंत झाली. रात्री अडीचला फोन आला, मुलगी, दोघी ठीक. आई देवघरासमोर जाऊन बसली. सकाळी बघितलं तर तिनं डिंकाचे लाडू काढून परत डब्यात भरले होते, सगळे, मोजून. दुसरं काही करता येत नव्हतं.

ताईनं मला कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच म्हणाली, पहिल्या रात्री बाळ रडायचं थांबेना तेव्हा आई असती तर बरं झालं असतं. सप्टेंबरमध्ये 'नाही'च्या जागी 'होय' केलं असतं, जुलैमध्येच आईला नीट बसवून विचारलं असतं, तर ती असती. कदाचित. २०१२ मध्ये 'तिचा नंतर काढू' म्हटलं नसतं, तर नक्की असती.

नेदरलँड्समध्ये बाळाची नोंद तीन दिवसांत करावी लागते. भाऊजी नगरपालिकेत जाऊन नाव लिहून आले. आईला हे कळलं तेव्हा ती चिडली. "बारशाआधीच नाव? तिसऱ्या दिवशी?" मग थोडी थांबली आणि म्हणाली, "बरं केलं. राहून जात नाही."

१५ फेब्रुवारीला दोघं मुंबईहून निघाली. बाळ बावीस दिवसांचं होतं. आईनं तिथं गेल्यावर बारसं केलंच, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ओढणीचा पाळणा बांधून. व्हिडिओ कॉलवर मी बघितलं, कानात नाव सांगायला आत्या म्हणून भाऊजींची बहीण स्क्रीनवर होती आणि इकडून तिचं कुजबुजणं सगळ्यांना मोठ्यानं ऐकू येत होतं. सगळे हसत होते. आईनं बाळाला मांडीवर घेतलं, तिचा जन्माचा दाखला मागून घेतला, चष्मा लावून इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली.

मग कॅमेऱ्याकडे बघून ताईला आणि मला दोघांनाही उद्देशून म्हणाली, "हे बघा. हेच स्पेलिंग. सगळीकडं हेच लिहायचं."